हत्ती, नग एक

मातृभाषा मुलाच्या तोंडात आपोआप येते, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. पूर्वी ती यायचीही, कारण पूर्वी घरात माणसं असत. हल्ली घरात फर्निचर असतं. त्यामुळे मातृभाषेची जबाबदारी आता पडदे, उशांचे अभ्रे आणि भिंती यांच्यावर टाकण्यात आली आहे. त्यातही भिंत सगळ्यात भरवशाची, कारण ती कुठे जात नाही आणि तिला मीटिंग नसते.

हे सत्य सिद्धार्थ खटावकर यांना चेन्नईच्या मेडवाक्कममधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, एका रविवारी सकाळी उमगलं. सिद्धार्थ हा ओरगडमच्या एका मोटार कारखान्यात पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता तपासतो. गुणवत्ता तपासतो म्हणजे माल बघतो असं नव्हे. मालासोबत आलेले कागद बघतो. माल कसाही असो, कागद बिनचूक हवा, या तत्त्वावर देशातली निम्मी वाहनं आज रस्त्यावर धावत आहेत आणि उरलेली निम्मी रस्त्याच्या कडेला उभी आहेत. त्याची बायको सावनी शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मुलगी अनन्या, वय वर्षं दोन, महिने नऊ. सकाळी आठ ते रात्री आठ तिला सांभाळायला कनका नावाची बाई येते. कनका तमिळ बोलते, छान गाते, आणि वेळेवर येते. या तिन्ही गोष्टी घरातल्या मोठ्यांपैकी कुणालाच येत नाहीत.

तर त्या रविवारी सिद्धार्थ अनन्याला म्हणाला, "इकडे ये बघू, बाबाच्या मांडीवर बस." कनका त्या दिवशी सुट्टी असूनही लोणच्याची बरणी द्यायला आली होती. अनन्याने बाबाकडे नीट पाहिलं, मग कनकाकडे वळून तमिळमध्ये विचारलं, "अक्का, हे काय म्हणतायत?"

मुलीने बापाचा उल्लेख आदरार्थी केला होता, ही त्यातली समाधानाची बाब. पण सिद्धार्थला ते झोंबलं. साताऱ्याकडचा माणूस, आपल्याच पोटच्या पोरीला आपण दुभाष्यामार्फत बोलवायचं म्हणजे काय! (त्याने तसं बोलून दाखवलं नाही. बोलला असता तरी भाषांतर करावं लागलं असतं.) माझी मुलगी माझ्याशी माझ्या भाषेत बोलली पाहिजे, एवढी एकच गोष्ट आपल्याला आयुष्यात हवी आहे, असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि ते अगदी मनापासून वाटलं. म्हणून त्याने लॅपटॉप उघडला.

कारखान्यात एखाद्या भागाबद्दल तक्रार आली की मूळ कारण शोधण्याची एक नामी पद्धत आहे. 'का?' असं लागोपाठ पाच वेळा विचारायचं. पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं, असं पुस्तकात लिहिलं आहे. अनुभवी माणसं मात्र एक पोटनियम पाळतात: 'का' आपल्या स्वतःच्या खात्याच्या दिशेने येताना दिसला की थांबायचं. सिद्धार्थ अनुभवी होता. मुलगी मराठी का बोलत नाही? तिच्याभोवती मराठी वातावरण नाही. वातावरण का नाही? खोलीत मराठी काही नाही. का नाही? भिंती कोऱ्या आहेत. इथे तो थांबला. चौथा 'का' विचारला असता तर तो थेट सकाळच्या साडेसहाच्या कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसला असता.

पुरावा म्हणून त्याने अहवालाला आठवडाभराची मोजणी जोडली. अनन्याच्या कानावर रोज सरासरी एकशेचाळीस मराठी शब्द पडत. पैकी 'नको' एकसष्ट वेळा, 'पटकन' अडतीस वेळा, 'थांब-कॉल-चालू-आहे' (हा मोजणीसाठी एकच शब्द धरला) सत्तावीस वेळा, आणि उरलेले चौदा किरकोळ. खोलीतल्या एकूण भिंती चार. पैकी मराठी, शून्य. उपाय उघड होता. पश्चिमेकडच्या भिंतीवर एक अस्सल मराठी गोष्ट रंगवून घ्यायची. मुलगी रोज बघेल, बघून विचारेल, आणि विचारायचं म्हटलं की मराठीत विचारणं आलंच.

सावनीने तो अहवाल जेवताना फोनवर वाचला. "भिंत बोलायला लागली की मला उठव," ती म्हणाली, आणि अमेरिकेच्या कॉलसाठी हेडफोन लावले. सिद्धार्थने तिची मंजुरी नोंदवून घेतली.

आता चित्रकार. चेन्नईत भिंती रंगवणाऱ्यांची वाण नाही. या शहरात रिकामी भिंत म्हणजे कुणीतरी विसरलेली भिंत. पण सिद्धार्थने बाहेरचा माणूस घेतला नाही. त्याच्या कारखान्याच्या मान्यताप्राप्त यादीत भीमसेनराव नावाचे एक पेंटर होते. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत राहायचे, आणि तीस वर्षं कारखान्यांच्या भिंतींवर कवट्या, हाडं, विजेचे बाण आणि हेल्मेट घातलेले हसरे कामगार काढायचे. एकदा सिद्धार्थ फोनवर कुणा पुरवठादाराचा मराठीत उद्धार करत असताना शिडीवरून आवाज आला होता, "साहेब, तुम्ही आमचेच की." भीमसेनराव तंजावरचे मराठी. त्यांच्या घराण्यात तिथे तीनशे वर्षं मराठी बोलतात, ती अजून तशीच चालू आहे. मध्ये कुणी येऊन ती बंद झाल्याचं त्यांना कळवलं नाही.

म्हणजे मान्यताप्राप्त, आणि वर मराठी. सोन्याला सुगंध म्हणतात तो हाच. "तुम्हाला एखादी मराठी गोष्ट येते का?" सिद्धार्थने विचारलं.

"येती की," भीमसेनराव म्हणाले. "माझ्या आजीची. तंजावरांत एक हत्ती होता, त्यास एके दिवशीं..."

"किती चित्रं होतील?"

भीमसेनरावांनी बोटं मोजली. "सात."

"उत्तम. मला सामानाची यादी द्या."

यादी आली ती अशी: हत्ती, नग एक. तळं, नग एक. माहुताची बायको, नग एक. फणस, नग तीन. न्हावी, नग एक. छत्री, नग एक. चंद्र, नग एक (पूर्ण). प्रत्येक नगाला क्रमांक पडला, प्रत्येक क्रमांकाचं रेखाचित्र झालं, आणि प्रत्येक रेखाचित्रावर तीन सह्यांसाठी तीन रकाने आले: केलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर कुणी. पहिली सही भीमसेनरावांची, बाकी दोन सिद्धार्थच्या. तपासताना तो डाव्या हाताने सही करी आणि मंजूर करताना उजव्या, म्हणजे दोन्ही पायऱ्या स्वतंत्र राहिल्या. फाइलीच्या पहिल्या पानावर 'गोष्ट' असा एक रकाना होता. त्यात 'सोबत जोडली आहे' असं लिहिलेलं होतं.

मग सुरक्षेचा आढावा. लहान मुलाच्या खोलीत धोका चालत नाही, आणि याबाबत सिद्धार्थला कुणी नावं ठेवू नयेत. न्हाव्याच्या हातातला वस्तरा मिटवण्यात आला. तळ्याच्या काठाला पिवळा-काळा पट्टा आला (भीमसेनरावांचा हातखंडा). झाडावरचा फणस पडण्याचा संभव लक्षात घेता तीनही फणस खाली उतरवून झाडाला टेकवून ठेवावेत, असा शेरा पडला.

"फणस खालीं ठेविला तर गोष्ट पुढें चालत नाही, साहेब," भीमसेनराव म्हणाले.

"का?"

भीमसेनरावांचा चेहरा उजळला. त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात पुसले. "म्हणजे कसें, हत्ती तिथें उभा असतां..."

"नाही, तसं नको. त्या शेऱ्यातून लेखी सवलत मागा, मी मंजूर करतो." सवलत मागितली गेली, मंजूर झाली, फणस झाडावर राहिले. कारण कुठल्याच कागदावर लिहायचं राहून गेलं, पण सवलतीच्या अर्जात कारणाचा रकाना ऐच्छिक असतो.

काम सुरू झालं. रोज नऊला भीमसेनराव यायचे, शिडी लावायचे, जुन्या वर्तमानपत्रांनी फरशी झाकायचे. त्यांना एक वाईट खोड होती. हात चालू असला की तोंडही चालू. कवट्या-हाडं काढताना गप्प बसावं लागे, कारण कवटीबद्दल बोलणार काय. पण हत्ती काढायला घेतला आणि त्यांची आजीच त्यांच्या तोंडून बोलायला लागली. खाली अनन्या रंगाची रिकामी बादली पालथी घालून त्यावर बसायची. जेवढं चित्र होई तेवढीच गोष्ट, त्यापुढे एक शब्द नाही. सोंड झाली की सोंडेपर्यंत. उद्या कान, तर उद्या कानाचं. कनका दारात तांदूळ निवडत बसायची, आणि अडलं की भीमसेनराव तिला तमिळमध्ये समजावून सांगायचे, म्हणजे तीही मागे पडायला नको.

सिद्धार्थला रोज संध्याकाळी बसमध्ये फोटो येई आणि काम किती टक्के झालं ते येई. चौथा दिवस, बावीस टक्के. सहावा दिवस, एकतीस टक्के. सहाव्याच दिवशी अनन्याने कनकाच्या हातातला घास बाजूला सारून मराठीत सांगितलं, "थांब गे, हत्ती यायचा आहे." टक्क्यांच्या तक्त्यात याला जागा नव्हती, म्हणून ते कळवलं गेलं नाही.

आठव्या दिवशी सावनी ताप आल्यामुळे घरी होती. तिने रात्री सिद्धार्थला सांगितलं, "अरे, ती मराठी बोलतेय. सबंध वाक्यं. मला म्हणाली, तूं निज, मी तुज गोष्ट सांगतें." सांगताना सावनीने दोनदा नाक पुसलं. ताप होता, हे खरं. पण नुसता ताप नव्हता. आपल्याला मुलीने गोष्ट सांगितली, आणि आपण तिला आजवर एकही सांगितली नाही, हे तिला लागलं होतं, आणि ते तिने तसंच बोलूनही दाखवलं.

सिद्धार्थ सुखावला. भिंत चाळीस टक्क्यांवरच बोलायला लागली होती. तो तसाच अनन्याजवळ गेला. ती अंथरुणात जागी होती. "काय गं, आज काय काय बघितलंस?"

"अस्की बघितलें," अनन्या म्हणाली. "हत्तीनें माहुताच्या बायकोस काय सांगितलें, तुज ठाऊक?"

आता इथे दुसऱ्या कुणा बापाने पोरीला उचलून घरभर नाचवलं असतं. सिद्धार्थ जागरूक माणूस. 'अस्की' हा शब्द त्याच्या कानाला खडा लागल्यासारखा लागला. "अस्की नाही, सोन्या. सगळं. सगळं बघितलं, म्हण." अनन्या म्हणाली, "सगळं." "आणि तुज नाही, तुला." "तुला." "शाब्बास. आता बोल, हत्तीने काय सांगितलं?" अनन्याने थोडा विचार केला. "नको," ती म्हणाली. हा शब्द तिला प्रमाण मराठीत येत होता.

माल आला, पण नमुन्याबरहुकूम नाही, अशी नोंद झाली. त्यावर तातडीची उपाययोजना म्हणून एकोणीस शब्दांची यादी छापून शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चिकटवण्यात आली: डावीकडे 'आढळलेला शब्द', उजवीकडे 'मंजूर शब्द'. भीमसेनरावांनी दुसऱ्या दिवशी ती चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग त्यांनी सिद्धार्थला फोन केला.

"साहेब, तीनशें वर्षें आम्ही असेंच बोलतों. भोंवतीं अस्की तमिळ. कोणी आम्हांस मंजूर केलें नाही, तरी बोलतों. माझ्या नातवंडांस तर हेंही येत नाही. तुमच्या पोरीनें ऐकिलें, तेव्हां मज बरें वाटलें. आतां तुम्हांस खडा लागतो तर मी बोलत नाही."

"तसं नाही, भीमसेनराव. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फक्त शब्द तेवढे..."

"मज इतकेच येतात," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तेव्हापासून भीमसेनराव मुकाट्याने काम करू लागले, आणि कामाचा वेग रोजच्या चार टक्क्यांवरून नऊवर गेला. सिद्धार्थने हा सुधारणेचा आलेख काढून ठेवला. अनन्या दोन दिवस बादलीवर बसून राहिली. पाचव्या चित्रापर्यंतच्या रेषा आणि तोंडी गोष्ट झाली होती (टक्के फक्त रंगाचे धरत): हत्ती न्हाव्याच्या दारात येऊन उभा. सहाव्यात छत्री आली, सातव्यात चंद्र आला, पण गोष्ट आली नाही. तिसऱ्या दिवशी कनका सावनीला म्हणाली, "म्हातारा बोलत नाही आणि पोर जेवत नाही. मला तर रात्री झोप लागत नाही, त्या हत्तीचं काय झालं म्हणून." सावनीने ते सिद्धार्थला कळवलं. सिद्धार्थने त्यावर दुसरा उपाय केला: अनन्याला चित्र संपेपर्यंत सकाळची प्लेस्कूल.

पंधराव्या दिवशी भिंत शंभर टक्के झाली. भीमसेनरावांनी सात रेखाचित्रांवर सात सह्या केल्या, फरशीवरची वर्तमानपत्रं गोळा केली, आणि जाताना अनन्याच्या डोक्यावर हात ठेवून शिडी उचलून नेली.

भिंत मात्र देखणी झाली होती, हे शत्रूनेही कबूल करावं. हत्तीच्या झुलीला सोनेरी काठ, माहुताच्या बायकोच्या नाकात टपोरी नथ, तळ्यात चंद्राचा तुकडा थरथरताना दिसायचा. शहरातल्या मराठी पालकांचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. तिथे सिद्धार्थने सातही चित्रं टाकली. त्रेसष्ट जणांनी हात जोडले, बेचाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या, अकरा जणांनी पेंटरचा नंबर मागितला, आणि दिव्यश्री नावाच्या एका पालक महिलेने निळ्या रंगाची शेड विचारली. 'आपली संस्कृती आपणच जपायची', असं चौघांनी लिहिलं, पैकी दोघांनी इंग्रजीत.

त्या शनिवारी, भिंत पूर्ण झाल्यापासून प्रथमच, सिद्धार्थ दिवसाउजेडी घरी होता. अनन्या आत आली. तिने त्याचं बोट धरलं, त्याला ओढत भिंतीशी नेलं, पाचव्या चित्रापाशी उभं केलं. न्हाव्याच्या दारात हत्ती. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, मंग काय जालें?"

मराठीत. बापाला. आपणहून. सहा आठवडे ज्या एका गोष्टीसाठी अख्खा खटाटोप चालला होता, ती ही अशी समोर येऊन उभी राहिली. या वेळी सिद्धार्थने तिचा एकही शब्द सुधारला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. तो तिच्याशेजारी फरशीवर बसला. त्याने सहाव्या चित्रातली छत्री पाहिली. सातव्यातला चंद्र पाहिला. झाडावरचे फणस पाहिले, ज्यांच्यावाचून गोष्ट पुढे चालत नव्हती. चौदा ठिकाणी त्याच्या सह्या होत्या. छत्रीचा व्यास त्याला मिलिमीटरमध्ये पाठ होता.

"मग... हत्ती घरी गेला आणि झोपला," तो म्हणाला.

अनन्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर हत्ती कुठेच झोपलेला नव्हता. "नाही," ती समजूत घातल्यासारखं म्हणाली, आणि वाट बघत उभी राहिली.

सिद्धार्थने फाइल काढली. शेहेचाळीस पानं. 'गोष्ट: सोबत जोडली आहे.' सोबत रंगांच्या शेडचं कार्ड जोडलेलं होतं. तेव्हा त्याने भीमसेनरावांना फोन लावला, आणि माफी मागून विचारलं. माफी खरी होती.

"सांगतों की," भीमसेनराव म्हणाले. त्यांनी मनात काही ठेवलं नव्हतं. "पण फोनवर नाही. पोरीस घेऊन गिंडीस या. तुम्हीही बसा. दोन तास लागतील, घाईची गोष्ट नव्हे."

सिद्धार्थने कॅलेंडर उघडलं. पुढचा रविवार, कारखान्यात ऑडिट. त्यानंतरचा, सावनीच्या सॉफ्टवेअरचं रिलीज. त्यानंतरचा, ऑडिटमधल्या त्रुटींचा आढावा. चौथ्या रविवारी अकरा ते एक मोकळं होतं; त्याने भीमसेनरावांना तसं निमंत्रण पाठवलं, विषय: 'हत्ती, उर्वरित भाग'. भीमसेनरावांचा फोन साधा असल्याने ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. तिसऱ्या आठवड्यात आढावा लांबला आणि निमंत्रण पुढे सरकलं. त्या शनिवारनंतर अनन्या अजून चार दिवस रोज संध्याकाळी 'मंग?' म्हणून विचारत होती. पाचव्या दिवशी तिने विचारणं सोडून दिलं.

गुणवत्तेच्या शास्त्रात याला फार मोल आहे. तक्रार पुन्हा आली नाही, की उपाय लागू पडला असं मानतात. नव्वद दिवस वाट पाहून सिद्धार्थने प्रकरण बंद केलं. अनन्या आता (कायम झालेल्या) प्लेस्कूलमध्ये इंग्रजीही बोलते, आणि पाहुणे आले की भिंतीसमोर उभी राहून फोटोसाठी छान हसते.

सदर अहवाल आपल्या माहितीसाठी सादर केला आहे. आपण तो हत्तीपासून चंद्रापर्यंत, नगानगाने, बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. वस्तरा मिटवला तेव्हा आपण हसलात, यादी चिकटवली तेव्हा हळहळलात, त्या बापाची आपल्याला कीवही आली असेल. न्हाव्याच्या दारात गेलेल्या हत्तीचं पुढे काय झालं, हे कनकाने विचारलं, दोन वर्षं नऊ महिन्यांच्या मुलीने विचारलं. आपल्याकडून तशी काही विचारणा आलेली नाही. हरकत नसल्याचं गृहीत धरलं आहे. तिसऱ्या रकान्यात ('मंजूर कुणी') सही करावी.